सम, समीकरण आणि पस्तीस गुण

नृत्य, नाटक किंवा गाणं हेच पुढे शिकायचं असं ठरवलेली मुलगी गणितात विशीच्या पुढे सरकत नसेल, तर तिचं करायचं काय? या प्रश्नावर दोघं बोलत आहेत. एक गणिताचे शिक्षक, माध्यमिक शाळेत हयात घालवलेले. दुसऱ्या रंगकर्मी, नाट्यशिबिरं घेणाऱ्या आणि प्रकाशयोजना करणाऱ्या. गणितवाले गणिताचा कैवार घेतील आणि नाटकवाल्या बाई सुटका मागतील, असं कोणालाही वाटेल. इथे पारडी उलटी पडली आहेत. गणिताच्या सक्तीबद्दल शंका आहे ती शिक्षकांना. कलाकाराला गणितातून सोडवू नका, हा आग्रह रंगकर्मींचा.

शिक्षक : ताई, जिला कथक करायचंय तिच्याकडून वर्गसमीकरणाचं सूत्र घोकून घेऊन मी तिचं काही भलं करतोय, असं मला आता वाटेनासं झालंय. दहावीचा आराखडा बघा. बीजगणितात रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भूमितीत समरूपतेपासून महत्त्वमापनापर्यंत सात प्रकरणं. चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, वीस गुण अंतर्गत, आणि शंभरात पस्तीस हवेत. अकरावीला कला शाखा घेतली की यातलं काहीही तिला कोणी विचारणार नाही. म्हणजे जो विषय ती वर्षभरात कायमचा सोडणार आहे, त्याच्यासाठी नववीच्या मे महिन्यातच तिचा नृत्याचा क्लास बंद होतो. ‘दहावीचं वर्ष आहे’ एवढं कारण घराघरांत पुरतं.

पुढची साखळी तर आणखी विचित्र. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर नाटकाचा अनुभव लागतोच, शिवाय कुठल्या तरी विषयाची पदवी लागते. पदवीला बारावी, बारावीला दहावी आणि दहावीला गणित. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक, नृत्य, संगीत घेऊन बी.ए. करता येतं, पण तिथेही आधी बारावी हवी. यातली एकही संस्था प्रवेशाच्या वेळी त्रिकोणमिती विचारत नाही. तरी सगळ्यांच्या दारात उभं राहायचं तर आधी माझ्या विषयाच्या कडीतून जावं लागतं. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत अभिनयाच्या पदवीला शालेय गुणपत्रिका मागत नाहीत, निवड चाचणीवर होते. आपल्याकडे चाचणीपर्यंत पोचायच्या आधीच मुली गळतात.

रंगकर्मी : तुम्ही जे आयुष्यातून गेलं म्हणता ना सर, ते त्या मुलीच्या पायांत आहे. तिला तिहाई येते. तीनतालाच्या सोळा मात्रा, आणि तिहाईचा शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे सतराव्या मात्रेवर पडला पाहिजे. ‘तिट कत गदि गन धा’ या पाच मात्रा झाल्या. हा तुकडा तीनदा म्हणायचा आणि मध्ये दोनदा एकेका मात्रेचा दम घ्यायचा. पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा. तुकड्याला ‘प’ म्हणा, दमाला ‘द’ म्हणा. तीन प अधिक दोन द बरोबर सतरा. तुमच्या बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणातलं दोन चलांतलं रेषीय समीकरण आहे हे. ही मुलगी ते रोज संध्याकाळी घुंगरू बांधून सोडवते आणि सकाळी तुमच्या वर्गात शून्य घेते. मग नापास कोण झालं?

शिक्षक : समीकरण छान मांडलंत, आणि ते तुम्ही मांडलंत त्याहून श्रीमंत आहे. पूर्ण मात्राच घ्यायच्या म्हटलं तर त्याची उत्तरं तीन. प पाच आणि द एक, प तीन आणि द चार, प एक आणि द सात. प सम संख्या असेल तर दम पूर्ण मात्रेचा येतच नाही. चार मात्रांचा तुकडा घेतला तर अडीच मात्रांचा दम घ्यावा लागेल. तुमचे तबलजी तसा घेतातही.

पण मला सांगा, त्या मुलीला हे माहीत आहे का? तिला गुरूंनी बांधून दिलेली तिहाई येते. तिला म्हणा, आता रूपक तालात बांध. सात मात्रा, म्हणजे सम आठवीवर. दोनचा तुकडा, एकाचा दम, दोन-एक-दोन-एक-दोन, झाले आठ. हे तिनं स्वतः शोधून काढलं तर ती बीजगणित करतेय असं मी लिहून देईन. पढंत पाठ असेल तर नाही. आणि पाठांतराला मी गणित म्हणायला लागलो, तर सूत्र घोकून पस्तीस मिळवणाऱ्यालाही मला गणिती म्हणावं लागेल.

दुसरं असं की, एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करतात, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडली की अडतात. शाळेतल्या मुलांना कागदावरची येतात, बाजारातली जमत नाहीत. दोन्हीकडची हुशारी आपापल्या जागी बसून राहते. संगीताचंही तेच. संगीत शिकलं की गणित सुधारतं, असं पालकांना छातीठोकपणे सांगितलं जातं. जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. प्रयोगाची आखणी जितकी काटेकोर, तितका हा परिणाम शून्याकडे सरकतो, असं त्यांना आढळलं. नाटकाबद्दल तर २००० साली एलन विनर आणि लोईस हेटलंड यांनी मोठा आढावा घेतला. वर्गातल्या नाट्यखेळानं मुलांचं भाषिक कौशल्य वाढतं, हे त्यात ठळकपणे दिसलं. गणिताबद्दल तसं काही हाती लागलं नाही.

रंगकर्मी : आपोआप जात नाही, हे मान्य. पण ते नेणारं कोणी आहे का, ते आधी बघू. शाळेत मराठीच्या तासाला मुलं वृत्तं शिकतात. लघु-गुरूच्या खुणा करतात, तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात. गण आठच का, हे कोणी विचारत नाही. तीन जागा आणि प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. शेजारच्या वर्गात संभाव्यतेच्या तासाला तीन नाणी फेकली की नमुना अवकाश आठाचा येतो, तोच हा. एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच मुलीला दोन शिक्षक एकच गोष्ट शिकवतात आणि तिसरं कोणी तिला ते सांगत नाही.

पूर्वी हे सांगणारे होते. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वरांचे प्रत्येकी एकदा येणारे क्रम किती, तर ५०४०. नुसती संख्या देऊन तो थांबला नाही. इतकाव्या क्रमांकावर कोणती तान येईल आणि अमुक तान कितव्या क्रमांकावर बसते, हे सगळी यादी न लिहिता काढायची रीत त्यानं दिली आहे. याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे. आणि ‘लीलावती’त क्रम मोजण्याचं गणित सांगताना भास्कराचार्यांनी छंदांचा दाखला घेतलाच आहे. त्या काळात या दोन विद्या एकमेकींना ओळखत होत्या. ही फारकत आपण शाळेच्या वेळापत्रकात केली.

शिक्षक : देवगिरीचा अभिमान मलाही आहे, पण शार्ङ्गदेव मार्च महिन्यात पेपर तपासायला येत नाही. आणि त्या दरबारात किती जणांना प्रवेश होता, तेही आपल्याला ठाऊक आहे. विद्वानांच्या घरातल्या मुलांचं शिक्षण आणि एका वर्गातल्या साठ मुलांचं शिक्षण, यांची तुलना करून चालणार नाही.

माझ्यासमोर जी मुलगी बसते तिची अडचण फार साधी असते. तिला भीती वाटते. मार्क अॅशक्राफ्ट यांच्या २००१ च्या प्रयोगांपासून हे पुष्कळदा दिसलंय, की गणिताची भीती डोक्यातली तीच जागा अडवते जिथे आकडेमोड करताना मधले आकडे धरून ठेवायचे असतात. हातचा एक विसरला जातो तो मूर्खपणामुळे नव्हे, भीतीनं जागा खाल्ली म्हणून. काही मुलांच्या बाबतीत याहून मूलभूत कारण असतं. संख्यांची जाणच नीट बसत नाही. डिसकॅल्क्युलिया हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा अक्षमता मान्य केल्या आहेत. राज्यात त्यासाठी सवलती आहेत. कॅल्क्युलेटर वापरता येतो, जादा वेळ मिळतो, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो. पण हे प्रमाणपत्र मिळायला तपासणी हवी, तपासणीला केंद्र हवं, आणि केंद्रं बहुतेक शहरांतल्या रुग्णालयांत. आडगावच्या मुलीला डिसकॅल्क्युलिया होत नाही, ती फक्त ‘ढ’ असते.

म्हणून म्हणतो, दार रुंद करा. जून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच मुलांबाबतच्या याचिकेवर शिक्षण मंडळांना विचारलं होतं, की कलाशाखा किंवा व्यवसायशिक्षणाकडे जाणाऱ्यांना गणित ऐच्छिक का करू नये? २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात वीस गुण मिळाले तरी अकरावीला जाऊ द्यावं, अशी सोय सुचवली गेली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून गणित न घेताही दहावी होता येतं. म्हणजे गणिताशिवाय माणूस दहावी होऊ शकतो, हे शासनाला मान्य आहे. फक्त ज्याला आडवाट माहीत आहे त्याच्यापुरतं.

रंगकर्मी : दार रुंद केलंत तर त्यातून बाहेर पडलेली मुलगी कुठे जाते, तेही बघा. मी नाटकात आहे, तमाशाच्या फडांशीही माझी ओळख आहे. फडात कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो. लग्नासाठी घे, आजारपणासाठी घे. मग हंगामभर ती फेडायची. किती फिटली, किती राहिली, खाडे किती धरले, हे मालकाच्या वहीत. ज्याला ती वही वाचता येते त्याची उचल एका हंगामात फिटते. ज्याला येत नाही त्याची पुढच्या हंगामाला जाते, आणि पुढच्या हंगामाची नवी उचल तिच्यावर चढते.

शहरातलं वेगळं नाही. नाटकात नटाला ‘नाइट’ मिळते. प्रयोग लागला तर पैसे, रद्द झाला तर काही नाही. मालिकेत दिवसाच्या हिशेबानं ठरतं आणि पैसे येतात नव्वद दिवसांनी, टीडीएसचे दहा टक्के कापून. महिन्यात बावीस दिवस काम आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत हातात काही नाही, असं असताना घरभाडं कसं भागवायचं? बालगंधर्वांच्या गाण्यात कुठेच कसर नव्हती. १९१३ मध्ये निघालेली त्यांची मंडळी वैभवाच्या शिखरावर असताना कर्जात रुतली. भरजरी शालू, अत्तरं, गालिचे, सगळं अस्सल, आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात. कलाकाराला गणितातून मोकळं करणं म्हणजे त्याच्या मिळकतीचा हिशेब कायमचा दुसऱ्याकडे देणं. ती मोकळीक मला नको.

आणि पैशाचं सोडा, रंगमंचावरही गणितच आहे. स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये नाट्यप्रकाशावर पुस्तक लिहिलं, त्यातली पद्धत आजही पहिल्या धड्यात शिकवतात. नटाच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी, वरून पंचेचाळीस अंशांनी प्रकाश टाकायचा. चेहरा पाच फुटांवर, दिव्याचा पाइप सतरा फुटांवर, तर दिवा नटापासून आडव्या रेषेत किती लांब बांधायचा? बारा फूट, कारण पंचेचाळीसचा टॅन एक. हजार वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीन चालतात, चौथा लावला की फ्यूज उडतो आणि प्रयोग काळोखात. हे मी तालुक्याच्या गावी रात्री पावणेनऊला, प्रेक्षक आत सोडायच्या वेळेला, मनातल्या मनात करते.

शिक्षक : तुम्ही आता माझीच बाजू भक्कम केलीत. उचल, खाडे, टीडीएस, तीन महिन्यांचं नियोजन, ही सगळी सातवी-आठवीची टक्केवारी आणि सरळव्याज. दिव्याला एक भागाकार आणि एक कोन. मग हाच पेपर काढा ना! शंभर गुणांचा काढा, पन्नासला पास करा, मी आनंदानं शिकवीन. पण सध्याचा पेपर हे विचारत नाही. अर्थनियोजनाचं एक प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स आहेत, नव्वद दिवस बिनपैशाचं घर कसं चालवायचं ते नाही. जी मुलगी वर्तुळाच्या प्रमेयात नापास होते तिला आपण सांगतो, की तुला हिशेब येत नाही. आणि ती ते खरं मानते. नंतर आयुष्यभर वही दुसऱ्याच्या हातात देते, कारण ‘माझं गणित कच्चं आहे’. ताई, ती वही तिच्याकडून काढून घेणाऱ्यांत माझा पेपरही आहे.

रंगकर्मी : हे मला लागलं. तरी एक शंका राहतेच. चौदाव्या वर्षी कोणाला माहीत असतं, आपण कथकच करणार म्हणून? माझ्या शिबिरात दर उन्हाळ्यात वीस मुलं ‘मला अभिनेताच व्हायचंय’ म्हणतात. दहा वर्षांनी त्यातलं एखादं रंगमंचावर असतं. बाकीची बँकेत, शाळेत, दुकानात, दवाखान्यात. मराठी रंगभूमीकडेच बघा. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल डॉक्टर, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी. गिरीश कर्नाडांची धारवाडची पदवी तर गणित-संख्याशास्त्राची. कोणाला हे शिक्षण नाटकासाठी उपयोगी पडलं असं मी म्हणत नाही. पण नाटक पोट भरत नव्हतं त्या काळात त्यानं त्यांना नाटकात टिकू दिलं. त्यांना चौदाव्या वर्षी गणित सोडू दिलं असतं, तर त्यांची नोकरी गेली असती आणि तिच्यासोबत आपलं नाटकही.

शिक्षक : ही यादी मला नेहमी दाखवली जाते. तीत एक खोट आहे. जे दारातून आत आले त्यांचीच ती यादी आहे. जे दाराशीच अडकले त्यांची नावं तुम्हाला कशी कळणार? कर्नाडांनी तर स्वतःच सांगितलंय, की गणित घेतलं ते भरपूर गुण मिळतात आणि परदेशी शिष्यवृत्तीला ते कामी येतील म्हणून. गणित त्यांनी शिडीसारखं वापरलं, आणि ज्याला ते येतं त्यानं तसं जरूर वापरावं. उलट तेंडुलकर घ्या. चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत त्यांनी शाळा सोडली. पुढे त्यांचं ‘घाशीराम’ जगभर गेलं. पण विद्यार्थी म्हणून नाट्य विद्यालयाचा अर्ज भरायला बसले असते, तर पदवीच्या रकान्याशीच अडले असते.

आणि हे फक्त कलावंतांचं दुःख नाही. रामानुजनांची कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली, कारण गणित सोडून बाकी विषयांत ते नापास झाले. सगळ्यांना सगळं आलंच पाहिजे या नियमानं गणित्यालाही गाळलं आणि नर्तकीलाही.

रंगकर्मी : तेंडुलकरांवरून नियम करता येत नाही, आणि रामानुजनांवरूनही नाही. असामान्य माणसं दार बंद असलं तरी भिंतीवरून येतात. नियम लागतो तो सामान्य मुलीला. तिच्यासाठी तुमचा दुसरा पेपर निघाला, सोपा, हिशेबाचा, असं धरू. त्याला कोण बसेल? खरं सांगा.

शिक्षक : खरं सांगायचं तर, कथकवाली बसणार नाही. निदान आधी ती नाही. मध्यंतरी आपल्याकडे सामान्य गणिताचा पर्याय होता, पुढे तो बंद झाला. कागदावर ती मुलांची निवड होती. प्रत्यक्षात नववीच्या सहामाहीनंतर शिक्षक यादी करायचे आणि मुलांना तिकडे बसवायचे, म्हणजे शाळेचा निकाल वर जातो. त्या यादीत शिकवणी परवडणारं मूल क्वचित दिसायचं. सीबीएसईनं २०२० पासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर केले. अभ्यासक्रम एकच, काठिण्य वेगळं. तो विचार मला आवडतो. पण आपल्याकडे सुचवलेल्या वीस गुणांच्या सवलतीबरोबर प्रमाणपत्रावर शेरा येणार, की ही मुलगी पुढे गणित-विज्ञान घेऊ शकत नाही. पंधराव्या वर्षी मारलेला शेरा. तो आपण सवलत म्हणून देतो आहोत की तिला न शिकवल्याची पावती म्हणून, हे मला नीट सांगता येत नाही.

रंगकर्मी : मग ऐच्छिक करा, असं तुम्ही अजूनही म्हणता?

शिक्षक : म्हणतो. कारण ऐच्छिक नसतानाही नापास होतात ती त्याच यादीतली मुलं. शेरा आत्ताही आहे, त्याला ‘अनुत्तीर्ण’ म्हणतात. मग पुरवणी परीक्षा, मग एटीकेटी, मग बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, मग कधीतरी काहीच नाही. सक्तीचा अनुभव बाहेरही काही वेगळा नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून नियम आहे, की सोळाव्या वर्षी गणितात ठरावीक श्रेणी मिळाली नाही तर पुढे काहीही शिका, नाटक शिका, केशरचना शिका, सोबत गणित चालू ठेवायचं. दरवर्षी हजारो मुलं पुन्हा परीक्षेला बसतात आणि बहुसंख्य पुन्हा त्या श्रेणीखालीच राहतात. सक्तीनं त्यांना परीक्षेला बसवलं, गणित काही दिलं नाही.

रंगकर्मी : तेच गणित, तशाच तऱ्हेनं पुन्हा शिकवलं तर कसं मिळेल? मी भीतीवर काम करते, सर. रंगमंचावर पाय टाकताना डोकं रिकामं होणं म्हणजे काय, ते आमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तुमच्या अॅशक्राफ्टनी सांगितलेली तीच जागा आमचीही अडवली जाते. आम्ही त्यावर उपाय म्हणून भाषण देत नाही, तालीम करतो. तालमीत वाक्य विसरलं तर कोणी गुण कापत नाही, पुन्हा घेतो. चाळीस तालमींनंतर एक प्रयोग. तुमच्या वर्गात मात्र रोजच प्रयोग. फळ्यापाशी बोलावलं की उत्तर बरोबर किंवा चूक, आणि साठ जण बघणार. दोन वर्षं, परीक्षेची तारीख न ठरवता, मला आणि तुम्हाला मिळून ती मुलगी द्या. तुम्ही रूपकात तिहाई बांधायला लावा, मी दिव्यांचा भार मोजायला लावते. माझा दावा आहे, तिला तुमची वर्गसमीकरणंही येतील.

शिक्षक : येतीलही. पण दोन वर्षं कुठून आणणार? माझ्याकडे आठवड्याचे ठरलेले तास आहेत आणि फेब्रुवारीच्या आत अभ्यासक्रम संपवायचा आहे. आणि हे गणित समजायला तिला जे जादा तास लागतील, ते तिच्या दिवसातल्या कुठल्या तासांतून काढायचे? संध्याकाळी सहा ते आठ शिकवणी असते. कथकचा क्लासही सहा ते आठच असतो. वय तिलाही आहे. सोळाव्या वर्षी थांबलेली चक्करं विसाव्या वर्षी तशीच्या तशी परत येत नाहीत, हे तुम्हीच सांगता. तुमची योजना मान्य केली तर तिच्या रियाजाची दोन वर्षं मी मागतोय, तीही गणित तिच्या भल्याचं आहे असं म्हणून.

रंगकर्मी : शास्त्रीय कलांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे सहा ते आठ क्लासला गेली तरी ते वाया जात नाही, असं शासनच म्हणतंय.

शिक्षक : एकूण टक्केवारीला त्यांचा हातभार लागतो, छान आहे. पण समेवर पाय नेमका पडला हे गणितातलं काही आहे, असं ते गुण म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी ते अभ्यासाबाहेरचंच कौतुक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यात भिंत नको असं लिहिलंय. ती भिंत काढायची तर माझ्या पेपरात तिहाईचा प्रश्न यावा लागेल, आणि तो तपासणाऱ्याला सम म्हणजे काय ते कळावं लागेल. शिवाय जिला ना नाच येतो ना तबला, अशा शेजारच्या बाकावरच्या मुलीला तो प्रश्न वर्गसमीकरणाहून परका वाटेल. तिच्यासाठी काय काढायचं?

रंगकर्मी : ती बाजारात आईला मदत करत असेल, तर भाजीचा हिशेब.

शिक्षक : मग साठ मुलांना साठ पेपर.

रंगकर्मी : किंवा एकच पेपर, ज्यात प्रत्येकीला आपलं काहीतरी आणून त्यावर समीकरण मांडायचं आहे. वीस गुण अंतर्गत आहेतच ना तुमच्या हातात?

शिक्षक : आहेत. आणि ते सगळ्यांना अठराच्या वर द्यायचे असा अलिखित दंडक आहे, म्हणजे कोणी पस्तीसच्या खाली जात नाही. तुमचं म्हणणं मनापासून घ्यायचं तर ते वीस गुण मला खरोखर तपासावे लागतील. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात नापास होणाऱ्यांची संख्या वाढेल. कदाचित त्यात ती कथकवालीही असेल, कारण पाठ असलेली आणि बांधलेली तिहाई यांतला फरक मी करीन. मुख्याध्यापकांना काय उत्तर द्यायचं ते मी बघतो. तिच्या आईला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.